जावयाचा सबवूफर

त्या सबवूफरचं, म्हणजे घर दणाणवणाऱ्या स्पीकरचं सांगतो. जावयाने पाठवलेला, आणि संध्याकाळी तो स्वतः ऐकायला येणार होता. वायर चुकीच्या जागी खोचली तर ज्याला तो जोडायचा तो रिसीव्हरही जळेल, या धास्तीने मी दुपारपर्यंत माहितीपत्रकच वाचत बसलो.

"अजी, लावून काऊन नाई राह्यले?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी वायर उचलली, तोच धडाम झालं. खिडक्या थरथरल्या, मांडणीवरची भांडी वाजली. जळलं सगळं, असंच मला वाटलं.

"वाजला बाई एकदाचा," म्हणत ती बाहेर आली.

तेव्हा कुठे मी हाताकडे पाहिलं. वायर हातातच होती.

"जोडलाच नाई अजून. गावाबाहेरच्या खाणीतला रोजचा दुपारचा ब्लास्ट होता तो."

ती पुन्हा स्वयंपाकघराकडे वळत म्हणाली, "मंग जावईबापूले उद्या दुपारीच बोलवा."