पाऊण सूत

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या एका शिंपीणबाईंचे कान शेजारच्या बापलेकीकडे लागले होते. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

“काय गं, पुन्हा तडकला तो ओतीव नग?”

“हो ना बाबा. स्क्रीनवरच तडकतोय म्हणून बरं. लोखंड ओतल्यावर फुटाला एक सूत आकसतं, हा तुमचाच नियम, सुताचा अष्टमांश इंच करून, घातलाय कोडमध्ये.”

“जाड भागालाही एकच सूत?”

“मग?”

“तिथं पाऊण धरायचं.”

“हे आधी नाही का सांगायचं?”

“चाळीस वर्षं साचे हातच करत होते गं. तोंडाला सांगायची वेळच आली नाही.”

“थांबा, बदलते. ऑनलाइन कंपाइल व्हायला मिनिटभर लागेल... झाला. आता चालवून बघते... नाही तडकला, बाबा!”

“मग आता तुझ्या कंपनीत सगळे हेच वापरणार?”

“सगळे. वर टीप टाकलीय, नियम माझ्या वडिलांचा, अडलं तर विचारा. त्यापुढे तुमचा फोन नंबर.”

“माझा? निवृत्त झाल्यापासून कामाचा एक फोन नाही मला.”

“आजोबा, चला ऑपरेशनला,” नर्सने हाक मारली.

“अगं, पण उद्याच कुणाचा फोन आला तर? डोळ्यावर पट्टी असेल.”

“कानावर नाही ना!”

म्हातारबुवा उठले, दोन पावलं गेले आणि परत आले. खिशातला फोन त्यांनी लेकीच्या हातात ठेवला.

“चार्जिंगला लाव आधी.”