नातीचं रक्त आणि माझं

हसायचं तर हसा, पण या वयात मी स्वतःहून रक्त काढून घेतलं, तेही भांडायला.

नात ईश्वरीचं पोट दुखायचं, म्हणून सूनबाईनं कुठल्याशा लॅबमध्ये तिची तपासणी करवली. म्हणे, कोणतं अन्न सोसत नाही ते रक्तातून कळतं. रिपोर्टात ज्वारी, दूध, शेंगदाणे, सगळं लाल. तेव्हापासून पोर भाताच्या पेजेवर, गालफडं बसलेली. मी तीच तपासणी माझी करवली आणि दोघींना घेऊन शेगावला मुलांच्या डॉक्टरांपुढे दोन्ही रिपोर्ट ठेवले.

"माह्यंबी सारं लाल आलं. जन्मभर हेच खाऊन राह्यली, मंग मले काऊन काही झालं नाही?"

डॉक्टर हसले. "आजी, ही तपासणी रक्तातल्या अँटिबॉडी मोजते. त्या असणं म्हणजे शरीराला त्या अन्नाची ओळख आहे, एवढंच. तो आजार नव्हे." मग सूनबाईला विचारलं, "हे खाल्ल्यावर कधी पुरळ, सूज, उलटी?"

"नाही."

"मग सगळं सुरू करा. पोट का दुखतं ते मी शोधतो."

मी पिशवीतून डबा काढला. भाकर आणि शेंगदाण्याची चटणी.

"म्हणजे उत्तर ठरवूनच आलात?"

"हाव. पण तिच्या हाती द्याले तुमचा शब्द पाह्यजे होता."

ईश्वरीला कोणी काही विचारलंच नाही. तिचं तोंड भरलेलं होतं.