तांब्यावरची काजळी

(साचे बनवणारं घरचं वर्कशॉप. ठिणग्यांनी पोलाद कोरणाऱ्या मशीनपाशी थोरला भाऊ आणि धाकटी बहीण.)

धाकटी: म्हणजे माझा तांब्याचा ठोकळा तू घासलास? पॉलिश पेपरनं?

दादा: काळाकुट्ट पडला होता, म्हणून साफ केला. आभार मानायचे सोडून अंगावर काय येतेस?

धाकटी: आणि तेलाचा फवारा?

दादा: तोही पूर्ण सोडला. घाण वाहून जायला नको?

धाकटी: घाण नव्हती ती! ठिणगीनं तेल जळतं, त्याची काजळी तांब्यावर धरते आणि तीच तांब्याला सांभाळते. म्हणून तर मी फवारा मंद ठेवते. आता बघ, पोलादाबरोबर तांबंही झिजलं. ठोकळ्याचा आकारच पोलादात उतरतो; त्याचेच कोपरे गेले, मग साच्याला धार येणार कुठून?

दादा: मला काय माहीत!

धाकटी: माहीत नव्हतं? परवा मी बाबांना हे सगळं समजावत होते, तेव्हा तू शेजारीच चहा पीत बसला होतास.

दादा: चहा कसला, विष पीत होतो. ‘काय डोकं आहे पोरीचं! एका ठोकळ्यात तीन साचे काढते!’ उठता-बसता तेच. मग मी इतकी वर्षं या मशीनवर काय माशा मारत होतो?

धाकटी: म्हणून मुद्दाम केलंस?

दादा: हो, मुद्दाम! जळतो मी तुझ्यावर. झालं समाधान?

बाबा: (आत येत) काय रे, बाहेरपर्यंत आवाज येतोय तुमचा. बघू साचा… अरे, याचे कोपरे गोल! कुणी केलं हे?

धाकटी: मी, बाबा. फवारा जास्त सुटला.

बाबा: तुझ्या हातून? डोक्यात हवा गेली, दुसरं काय! नवीन मशीन येईल, त्यावर तुला बसवणार होतो; आता दादाच बसेल. त्याचं काम जरा सावकाश असतं, पण असा धांदरटपणा नसतो. आता दुसरं पोलाद आणायला मलाच जावं लागणार.

दादा: (बाबा बाहेर पडल्यावर) माझ्यासाठी खोटं कशाला बोललीस?

धाकटी: तुझ्यासाठी? वा रे वा! लहानपणी माझी चित्रं तू स्वतःची म्हणून दाखवायचास. बाबा तुझी पाठ थोपटायचे आणि मी दाराआड रडत बसायचे. तेव्हा तुझा चेहरा कधी दिसला नाही. आज नीट बघायचा होता.

दादा: मग, बघितलास?

धाकटी: हो. मला वाटलं होतं, फुलला असेल.

दादा: तेव्हा फुलायचा गं.

धाकटी: जाऊ दे. मशीन मिळालं ना तुला? कर आता काय करायचं ते.

दादा: बाबा गेले का?

धाकटी: दारात चपला शोधतायत.

दादा: तो ठोकळा दे इकडे. त्यांना दाखवून येतो, कुणी घासलाय ते.