माळावरचं भांडं

वारा कुठल्या ऋतूत कुठली माती उडवून नेतो, त्याचा सगळ्या हिंदुस्थानाचा नकाशा होत होता. त्यातला मावळचा तुकडा मोरेश्वरनं रंगवला होता. गुंडाळी मांडीवर घेऊन तो वडगाव स्टेशनात पुण्याच्या गाडीची वाट बघत होता. शेजारी दोन बहिणी बोलत होत्या. धाकटी बेडशात दिलेली.

“कस्तुरा, तुमच्या माळावर सायबानं पत्र्याचं भांडं कशापायी ठिवलंय गं?”

“धूळ धराया, आक्का. जितं लय माती उडती, तितं सरकार आडोशाला झाडं लावनार म्हनं.”

“मंग तुमाला मिळतीलच. उन्हाळ्यात डोळं उघडवत न्हाईत तितं.”

“व्हय की. रोज भरतंय भांडं.”

“मंग?”

“रोज सकाळी घासती. माती आपलीच, ती परत रानात टाकती. सायबाची वस्तू, घाण कशी ठिवायची?”

“सायेब काय म्हनला?”

“आत वाकून बघितलं, लिवून घेतलं नि हसून गेला. येतील आता झाडं.”

सायबाच्या नोंदीत बेडशाच्या भांड्यात धूळ शून्य होती, म्हणून मोरेश्वरनं नकाशात बेडसं कोरं सोडलं होतं.

गाडी आली. थोरली चढली. मोरेश्वर चढला नाही.

“मावशी, मला ते भांडं बघायचंय.”

“चला की. आज सकाळीच घासलंय.”