कॅमेऱ्यामागचा आवाज

डोळ्यांच्या दवाखान्यात ताटकळलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारचं बोलणं पडत होतं. एकेकाळची मूकपटातली नायिका आणि तिचे थकलेले दिग्दर्शक बोलत होते.

“मास्तर, ऑपरेशनात डोळा हलला तर संपलंच. मला नाही जमायचं.”

“अगं, वाघासमोर उभी राहिलीस की!”

“तुम्ही मागून ओरडत होता म्हणून. ‘रड, वळ, थांब!’ बोलपट आले, तुम्हाला गप्प बसवलं, नि माझे हातपायच गळाले.”

“माझंही दुकान तेव्हाच बसलं.”

“आज एकदाच ओरडा.”

“आता कुठला आलाय आवाज!”

नर्सने हाक मारली. बाई उठेनात.

“मान वर!” मास्तर खोकत गरजले. “चाल! नजर समोर!”

“आजोबा, इथं आवाज नको!” नर्सने दटावलं.

“बोलपटवालेही हेच म्हणाले होते. दार तेवढं उघडं ठेव, बाळ.”

शिंप्याने पाय जवळ घेतले. बाई ताठ मानेनं आत निघाल्या.