सगळ्यांत पापी कोण

निकांद्रोस : शेवटचं पानही लिहून झालं म्हणे तुझं.

अकाकिओस : योहानाचं शुभवर्तमान माझ्या वाट्याला आलं, दादा. ते शेवटीच असतं. मी नाही ठेवलं तिथं.

निकांद्रोस : चार शुभवर्तमानांपैकी मत्तय मी उतरवून लिहिला, मार्क मी लिहिला, लूक मी लिहिला. बोटं सुजली म्हणून महिनाभर पडून होतो, तेवढ्यात मठाधिपतींनी योहान तुला देऊन टाकला. आणि नाव कुणाचं, तर शेवटचं पान लिहिणाऱ्याचं.

अकाकिओस : रीतच आहे ती. ‘सगळ्यांत पापी अमका, त्याने हे लिहिलं. वाचणाऱ्याने त्याच्यासाठी प्रार्थना करावी.’

निकांद्रोस : पाचशे वर्षं लोक प्रार्थना करणार, आणि तीही तुझ्यासाठी. तू कसला पापी रे? एक पाप सांग.

अकाकिओस : उपवासात चीज खाल्लं.

निकांद्रोस : स्वप्नात. पापं कबूल करायच्या रांगेत तुझ्यामागेच उभा होतो मी.

अकाकिओस : पण जाग आल्यावर वाईट वाटलं, ते चीज संपलं म्हणून.

निकांद्रोस : मी रागाच्या भरात अकरा लेखण्या मोडल्यात. एकेकीच्या शिक्षेचे तीस दंडवत घातलेत, हे गुडघे बघ. तू किती मोडल्यास?

अकाकिओस : एक.

निकांद्रोस : ती गाढवाने तुडवली.

अकाकिओस : दंडवत मी घातले. गाढव तयार नव्हतं.

निकांद्रोस : हेच ते. तू काहीही बोललास तरी सगळे कौतुकाने हसतात. तुझं अक्षर बघून मठाधिपतींच्या डोळ्यांत पाणी येतं. माझं बघून काय म्हणाले ठाऊक आहे? ‘वाचता येतं.’ वीस वर्षं लिहितोय मी. वाचता येतं.

अकाकिओस : दादा, बांधणीसाठी पानं न्यायला येतील आता. त्याआधी शेवटचं पान तुम्ही एकदा बघून घ्या. आणतो.

निकांद्रोस : आणू नकोस.

अकाकिओस : का?

निकांद्रोस : सकाळी तू बाहेर गेलास, तेव्हा मी सुरीने तुझं नाव खरवडलं.

अकाकिओस : माझं?

निकांद्रोस : जोर जरा जास्त झाला. पानाचं कातडं फाटलं. वाटाण्याएवढं भोक पडलंय.

अकाकिओस : आधी वाचलंत का ते नाव?

निकांद्रोस : ‘सगळ्यांत पापी’ इथपर्यंत वाचलं. तिथं बोट ठेवलं आणि डोळे मिटले. पुढचं बघवलं नसतं मला.

अकाकिओस : पुढे तुमचं नाव होतं, दादा.



निकांद्रोस : माझं का?

अकाकिओस : तीन शुभवर्तमानं तुमची, माझं एक. शिवाय ‘सगळ्यांत पापी’ लिहिल्यावर हात आपोआप तुमच्याच नावाकडे वळला.

निकांद्रोस : मग लिही की परत. भोकाच्या कडेने लिही.

अकाकिओस : खरवडलेल्या कातड्यावर शाई पसरते. असू दे तसंच. वाचणारा बघेल, ‘सगळ्यांत पापी’, आणि पुढे भोक. त्याला वाटेल, केवढा पापी असेल हा, याचं नाव कातड्यालाही सोसलं नाही. बिचारा रडत रडत प्रार्थना करेल.

निकांद्रोस : करेल रे. पण कुणासाठी? तुझ्यासाठी, का माझ्यासाठी?