सेनापती कालसेनाला माफी

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. घर तुमचं जळलं, आणि जाळणाऱ्याला माफ मी केलं — तर ती माफी झाली का? हं? नुसत्या माना डोलवू नका, बोला! नाही बोलणार. मृदंगवाले बुवा हसतायत, म्हणजे त्यांना पुढचं ठाऊक आहे.

आख्यान पुराणातलं नाही. कॉम्प्युटरमधलं आहे! हसा, हसा. आणि नायक कोण? आपले गुणवंतराव डोईफोडे, गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. रावसाहेब, मान वर करा! यांनीच मला सगळं सांगितलं, कीर्तनात सांगायची परवानगीही दिली. आता पस्तावले असतील तर उशीर झाला.

तर गुणवंतरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने खुर्चीत. बैठक नाही, चहा नाही, कुणी 'अध्यक्ष' म्हणून हाक मारत नाही — माणूस वाळायला लागला हो! सून केतकी, कॉम्प्युटरवर काम करणारी. तिनं सासऱ्यांना एक गेम लावून दिला. म्हणाली, "बाबा, यात तुम्ही राजा. हिंडायचं, लोकांशी बोलायचं, लढायचं आणि शेवटी न्याय करायचा." न्याय म्हटल्याबरोबर स्वारी सरसावून बसली!

त्या गेममध्ये एक सेनापती कालसेन. साथ आलेली. ती राजधानीत शिरू नये म्हणून यानं एक अख्खं गाव, बाहेरून कड्या घालून, पेटवून दिलं. माणसांसकट! राजधानी वाचली, हेही खरं. आता याला पूजावं की हाणावं? पुढे तो पस्तावतो, राजाच्या बाजूनं लढतो, राजावरचा बाण स्वतःच्या खांद्यावर घेतो. गुणवंतराव त्याच्या प्रेमातच पडले! जेवताना म्हणायचे, "कालसेन मनानं वाईट नाही गं." बायकोला वाटलं, समितीत नवा सभासद घेतलाय!

आला शेवटचा दरबार. कालसेन गुडघे टेकून बसलाय. पडद्यावर तीन बटणं. एक — शिक्षा. दुसरं — माफी. तिसरं — जळालेल्या गावाला विचारा. गुणवंतरावांनी डोळे पुसले, माफी दाबणार, इतक्यात तिसऱ्याकडे लक्ष गेलं. ते करडं पडलेलं. दाबलं तरी ढिम्म!

"केतकी, हे बिघडलंय."

"बिघडलेलं नाही, बाबा. त्या आगीतून वाचलेली एक म्हातारी होती. तिचं सगळं ऐकून घेतलं असतं तर ते उघडलं असतं. तुम्ही काय केलंत?"

"ती फार लांबण लावत होती. मी आपलं 'पुढे, पुढे' दाबत गेलो."

"आणि कालसेनाचं?"

"त्याचं ऐकलं की! दोनदा ऐकलं!"

केतकीनं खुर्ची सासऱ्यांकडे वळवली. मग म्हणाली — आणि सासऱ्याच्या तोंडावर हे म्हणायला काळीज लागतं — "बाबा, अंजनाक्काचंही तुम्ही असंच केलंत."

आता अंजनाक्का कोण हे तुम्हाला सांगायला नको, पण परगावचे पाहुणे बसलेत. बाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. अकरा वर्षं! कुठलं पोर घरून उपाशी आलंय हे मास्तरांच्या आधी तिला कळायचं. हणमंतराव वाघचौऱ्यांना ती जागा भावजयीसाठी हवी होती. त्यांनी दारोदार सांगितलं — बाई करणी करते, पोरांच्या ताटात काहीबाही टाकते. झालं! आठ दिवसांत पोरांनी ताटं पालथी घातली. बाईचं काम गेलं, नाव गेलं, बारशाची बोलावणी बंद झाली.

पुढे हणमंतराव सुधारले. खरंच सुधारले, देवळात उभा राहून खोटं कशाला बोलू? गळ्यात माळ आली, दारू सुटली. एक दिवस समितीपुढे रडले, "मी खोटं बोललो होतो." समिती गहिवरली! आणि केलं काय? शाल! श्रीफळ! प्रांजळपणाबद्दल जाहीर सत्कार! आणि अंजनाक्का कुठे? बाहेर, चपलांपाशी. तिला आत बोलावलं ते तडजोडीच्या कागदावर अंगठा उठवण्यापुरतं. ती बोलायला लागली तर अध्यक्ष म्हणाले, "अक्का, झालं गेलं विसरा. चहा निवतोय." मिटला तंटा!

सुनेचं बोलणं गुणवंतरावांना झोंबलं. त्यांनी गेम पहिल्यापासून सुरू केला. चार दिवसांनी म्हातारीपाशी पोचले. तिनं घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन, कोण कुठल्या खोलीत होतं ते सांगितलं. यांनी 'पुढे'च्या बटणाला बोट लावलं नाही. तिसरं बटण उघडलं, पण ते दाबायला हे थांबले नाहीत. काठी टेकत निघाले ते थेट अंजनाक्काच्या ओट्यावर!

"अक्का, बोला. मी ऐकायला आलोय."

बाई दुपारभर बोलली. शेवटी म्हणाली, "गुणवंतभाऊ, माफी तुम्ही दिलीत. मी नाही दिली. हणमंता ज्या ज्या दारात बोलला, त्या त्या दारात जाऊन खोटं होतं म्हणून सांगू दे. मग मी बघीन." बघीन म्हणाली, मंडळी. देईन नाही!

हणमंतराव उसळले, "अध्यक्ष, मिटलेलं कशाला उकरता? माझा सत्कार झालाय!"

"मग ती शाल परत आणा," गुणवंतराव म्हणाले.

पण निघाला हो हणमंता! चाळीस दारं फिरला. मान खाली घालून. मी या माणसाला हात जोडतो. आणि दारात त्याला उत्तर काय मिळालं? "अहो हणमंतराव, राहू द्या, आम्ही कुठं खरं मानलं होतं!" नव्हतं मानलं? मग ताटं काय उंदरांनी पालथी घातली?

कालसेनानं निदान स्वतःच्या हातानं आग लावली. तुम्ही तर नुसतं ऐकलंत, आणि पोरांना डबे बांधून दिलेत.

अंजनाक्का आज कीर्तनाला आलीय. इतक्या वर्षांनी. त्या खांबापाशी बसलीय. मी मघापासून इथून बघतोय. इकडे बायका दाटीवाटीनं बसल्यात, गुडघा हलवायला जागा नाही. आणि तिच्या दोन्ही बाजूंना सतरंजी मोकळी! हणमंता चाळीस दारं फिरून आला. तुम्हाला चार पावलं जाववत नाहीत?

आरतीचं तबक तयार आहे. पण ती सतरंजी भरल्याशिवाय माझ्या तोंडून आरती निघायची नाही. मी उभा आहे. उठा!